थंड नंबरचा प्लग टाकल्यापासून गाडी मिसिंग मारते? हीट रेंज ठरवण्याआधी हे तपासा

तक्रार जवळजवळ ठरलेली असते. इंजिनावर काम झालेलं असतं. टर्बोचा बूस्ट (इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवलेला असतो, नाहीतर हेड फेसिंग करून (हेडचा तळ घासून) कॉम्प्रेशन चढवलेलं असतं, नाहीतर कॅम बदललेला असतो. कुणीतरी सांगतं, ‘परफॉर्मन्स इंजिन आहे, दोन नंबर थंड प्लग टाक.’ नवे स्पार्क प्लग पडतात. सुरुवातीला गाडी झकास पळते. मग सकाळी स्टार्ट व्हायला कुरकुर सुरू होते, आयडल डळमळतो, सावकाश चालवताना अधूनमधून मिसिंग येतं आणि एक दिवस पेडल दाबलं की गाडी धक्के खाते. प्लग काढून बघावा तर काळाकुट्ट. साफ करून बसवला की पुन्हा ठीक, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच रडगाणं.

उलटी तक्रारही येते. ती कमी वेळा येते, पण येते तेव्हा खिसा रिकामा करून जाते. फुल थ्रॉटलवर गाडी चांगली ओढत असते आणि वरच्या आरपीएमला अचानक दम सोडते. प्लग काढला तर इन्सुलेटर (आतली चिनी माती) खडूसारखा पांढरा, कडेला बारीक फोड, मधल्या इलेक्ट्रोडची धार वितळून गोल झालेली. अशा प्लगवर इंजिन तसंच दामटलं तर पुढचा मुक्काम पिस्टनला भोक.

दोन्ही तक्रारींत चर्चा लगेच नंबरावर, म्हणजे प्लगच्या हीट रेंजवर (टोकाची उष्णता तो किती चटकन बाहेर सोडतो त्या पायरीवर) येते: सहा टाकू का सात, सात टाकू का आठ? माझं म्हणणं असं की नंबराचा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण), टायमिंग (ठिणगी कधी पडते), गॅप (दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर), थ्रेडची लांबी आणि प्लग कसला आहे हे पाचही मुद्दे मार्गी लागल्यावर जे उरतं, तेवढंच हीट रेंजचं काम. पण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात, कारण सगळ्यात सोपं तेच असतं.

टोकाला किती तापायला हवं

प्लगच्या टोकाचं, म्हणजे आतल्या चिनी मातीच्या नाकाचं तापमान साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात राहायला हवं. ४५० च्या खाली राहिलं की नाकावर बसलेला कार्बन जळून जात नाही. कार्बन वीज वाहतो. कॉइलने पाठवलेला व्होल्टेज मग गॅपमधून उडी मारायचं सोडून काजळीच्या थरावरून सरळ बॉडीत उतरतो. मिसिंग म्हणतात ते हेच. उलट ८०० ते ८५० च्या वर गेलं की टोक स्वतःच निखारा बनतं आणि ठिणगी पडायच्या आधीच मिक्श्चर पेटवतं. ते प्री-इग्निशन.

टोकावरची उष्णता बाहेर कशी जाते, यावर हीट रेंज ठरते. नाकाकडून ती बॉडीत, बॉडीतून थ्रेड आणि वॉशरमार्गे हेडमध्ये आणि तिथून कूलंटमध्ये जाते. नाक लांब असेल तर वाट लांब, टोक तापून राहतं: हा गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता चटकन उतरते: हा थंड प्लग. शेजारशेजारच्या दोन नंबरांत टोकाच्या तापमानाचा फरक साधारण ७० ते १०० अंशांचा धरतात. म्हणजे ‘दोन नंबर थंड’ हा सल्ला किरकोळ नाही. ५५० अंशांवर मजेत चालणारं टोक तो थेट काजळीच्या पट्ट्यात ढकलू शकतो.

आणखी एक गोष्ट इथेच मोकळी करून टाकतो. थंड प्लगने इंजिन थंड होत नाही आणि पॉवरही वाढत नाही. सिलिंडरमध्ये तयार होणारी उष्णता तेवढीच राहते, फक्त प्लगचं टोक किती तापेल हे बदलतं. ठिणगीची ताकद ठरवतात कॉइल, गॅप आणि इलेक्ट्रोड. हीट रेंजचा त्याच्याशी काही संबंध नाही.

नंबरांचा उलटसुलट कारभार

इथे भल्याभल्यांची गल्लत होते. एनजीके आणि डेन्सोमध्ये नंबर चढला की प्लग थंड होतो. बॉश आणि चॅम्पियनमध्ये नंबर चढला की गरम होतो. एनजीकेचा बीपी६ईएस, डेन्सोचा डब्ल्यू२०ईपी, बॉशचा डब्ल्यू७डीसी आणि चॅम्पियनचा एन९वायसी हे चौघं साधारण एकाच पायरीवरचे. सहा, वीस, सात आणि नऊ. आता बॉशच्या सातवरून ‘एक नंबर थंड’ म्हणून कुणी आठ घेतला, तर तो प्रत्यक्षात एक पायरी गरम प्लग टाकतोय, तोही बूस्ट वाढवलेल्या इंजिनात. त्याला लागतो सहा. डेन्सोत तर आकड्यांमधलं अंतरही सारखं नाही: १६, २०, २२, २४, २७ हे एनजीकेच्या ५, ६, ७, ८, ९ च्या जागी येतात. ब्रँड बदलणार असाल तर कंपनीचा तुलनातक्ता समोर ठेवा. ‘दोन्हींवर सातच लिहिलंय’ एवढ्यावर जाऊ नका.

नंबर बदलताना बाकीची अक्षरं जशीच्या तशी राहायला हवीत. एनजीकेच्या बीपीआर६ईएसमध्ये बी म्हणजे १४ मिलिमीटरचा थ्रेड, पी म्हणजे पुढे आलेलं नाक, आर म्हणजे आत रेझिस्टर, सहा ही हीट रेंज आणि ई म्हणजे थ्रेडची लांबी १९ मिलिमीटर. ई च्या जागी एच आला तर लांबी १२.७ मिलिमीटर होते. असा आखूड प्लग १९ च्या हेडमध्ये आरामात बसतो, पण टोक भोकात आत दबून राहतं, पेटवणं बिघडतं आणि उघड्या राहिलेल्या हेडच्या थ्रेडवर कार्बन जमतो. पुढे कधी योग्य प्लग बसवायला गेलात की तो कार्बन आडवा येतो आणि थ्रेड जातात. उलट केलंत, म्हणजे लांब प्लग आखूड हेडमध्ये घातला, तर थ्रेड आत डोकावतात, तापून लाल होतात आणि नशीब वाईट असेल तर पिस्टन येऊन प्लगला धडकतो.

प्लग काळा पडतोय

आधी सगळे प्लग काढा आणि सिलिंडरच्या क्रमाने एका ओळीत ठेवा. या एका सवयीने निम्मा घोळ मिटतो.

चारपैकी एकच काळा असेल तर हीट रेंजचा विषय तिथेच संपला. चारही प्लग एकाच नंबरचे असताना तिसऱ्यालाच तो थंड वाटेल कसा? त्या सिलिंडरचा इंजेक्टर गळत असेल, कॉइल दुबळी असेल, व्हॉल्व्हचं ऑइल सील गेलं असेल किंवा रिंग थकली असेल. कॉइलची शंका असेल तर शेजारच्या सिलिंडरशी अदलाबदल करून बघा. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल, जागेवर राहिला तर इंजेक्टर किंवा सिलिंडर. शक्य असेल तिथे कॉम्प्रेशन आणि लीकडाउन टेस्टही (सिलिंडरमधून हवा किती गळते ते बघायची) करून घ्या.

काळेपणा कसला आहे तेही बोटाने बघा. कोरडी, मखमली, बोटाला लागणारी काजळी म्हणजे कार्बन. ओलं आणि पेट्रोलच्या वासाचं असेल तर प्लग पेटतच नाहीये किंवा पेट्रोल अतोनात येतंय. चकचकीत, चिकट आणि काळं असेल तर ते ऑइल, आणि ऑइलवर गरम प्लगचा उतारा म्हणजे खोकल्यावर तोंड दाबून धरणं.

सगळे सारखेच कोरडे काळे असतील तर मात्र खरा तपास सुरू होतो. गाडी कशी वापरली जाते? पाच-सात मिनिटांच्या चालण्यात इंजिन पुरतं गरमही होत नाही. त्या वेळात इंजिनाचा कॉम्प्युटर जास्तीचं पेट्रोल ओततच असतो, आणि प्लगचं टोक ४५० चं तोंडही बघत नाही. मोठे इंजेक्टर टाकलेल्या गाड्यांत हे हमखास होतं. फुल लोडला मॅप (कॉम्प्युटरमधला पेट्रोल-टायमिंगचा तक्ता) नेटका बसवलेला असतो, पण आयडलला आणि थंड स्टार्टला मोठा इंजेक्टर अगदी थोडं पेट्रोल नेमकं सोडू शकत नाही, आणि ट्यूनरने त्या कोपऱ्याकडे पाहिलेलंच नसतं. कार्ब्युरेटरच्या इंजिनात हाच दोष चोक अडकल्यामुळे, पायलट जेट मोठा असल्यामुळे किंवा फ्लोटची पातळी चढल्यामुळे येतो.

यातून निवाडा करायची माझी पद्धत अशी: इंजिन पूर्ण गरम झाल्यावर गाडी वीसेक मिनिटं एकसारख्या मध्यम वेगाने, हलक्या ते मध्यम लोडवर चालवायची आणि बंद करून प्लग बघायचे. नाकाची टोकाकडची बाजू साफ होऊन करडी किंवा फिकट तपकिरी व्हायला लागली असेल तर मिक्श्चर ठीक आहे. प्लग फक्त रोजच्या वापराच्या मानाने थंड आहे, एक पायरी मागे या. एवढं चालवूनही काळं ते काळंच राहिलं तर प्लगला दोष देऊ नका. मिक्श्चर रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) आहे, नाहीतर ठिणगी दुबळी आहे.

रिच मिक्श्चरवर गरम प्लग टाकून वेळ मारून नेण्याचा सल्ला फार सहज दिला जातो. टवटवीत चाललेल्या गाडीचा मालक खूष होतो, पण फुल लोडच्या वेळी तो गरम प्लग तिथेच असतो. आयडलचा दोष झाकण्यासाठी वरच्या टोकाची सुरक्षितता मोडायची, हा व्यवहार मला कधीच पटला नाही.

काळा प्लग खरोखर गळतोय का हे मल्टिमीटरने बघता येतं. मीटर सगळ्यात वरच्या रेझिस्टन्स रेंजवर ठेवा. एक तार वरच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. चांगल्या प्लगवर मीटर काहीच दाखवत नाही. मेगोहममध्ये जरी आकडा दिसला तरी काजळीतून वाट तयार झालेली आहे. दहा मेगोहमच्या खाली आलेला प्लग लोडवर दगा देणार असं धरूनच चालतात. टर्मिनल आणि मधला इलेक्ट्रोड यांच्यात मोजलं तर रेझिस्टरच्या प्लगवर पाचेक किलोओहमच्या आसपास आकडा यायला हवा. तिथे मीटर ओपन दाखवत असेल तर प्लग आतून गेलेला आहे, मग बाहेरून कितीही गोरा दिसो.

आणि तारेच्या ब्रशने प्लग घासू नका. ब्रशच्या धातूच्या रेघा चिनी मातीवर राहतात आणि काजळीचं काम त्याच करायला लागतात. इरिडियमच्या बारीक टोकाला तर ब्रश लावायचाच नाही.

धक्के फक्त बूस्टवर येत असतील तर

हा मुद्दा वेगळा काढतो, कारण हीट रेंजच्या नावावर सगळ्यात जास्त खपणारी चूक हीच आहे. गावात गाडी लोण्यासारखी चालते, आयडल स्थिर, प्लगचा रंग सुरेख, आणि बूस्ट चढला की भकभक धक्के. लोक लगेच आणखी थंड प्लग आणतात. खरं कारण गॅप असतो. सिलिंडरमधला दाब वाढला की तोच गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. १.१ मिलिमीटरचा कंपनीचा गॅप साध्या इंजिनाला ठीक होता. वाढवलेल्या बूस्टवर कॉइलचा दम तिथे संपतो आणि ठिणगी पडतच नाही. गॅप आधी ०.८, गरज पडली तर ०.७ किंवा ०.६ पर्यंत आणून बघा. धक्के थांबले तर प्लगचा नंबर निर्दोष होता. फार कमी केला तर आयडल खरखरीत होतो, म्हणून एकदम टोकाला जाऊ नका.

गॅप कमी करताना बाहेरचा वाकडा पाय (बॉडीला जोडलेला इलेक्ट्रोड) हलक्या हाताने दाबायचा. मधल्या इलेक्ट्रोडला टेकू देऊन फिलर गेज किंवा स्क्रूड्रायव्हर तिरका करायचा नाही. इरिडियमचं टोक त्यात तुटतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे चिनी मातीला न दिसणारी चीर जाते आणि नंतर लोडवर कधीतरी तुकडा सिलिंडरमध्ये पडतो.

प्लग पांढरा पडतोय

पांढरा प्लग बघितला की घाबरायचं, पण नंबर बदलायला धावायचं नाही. टोक जास्त तापायची निम्मी कारणं प्लगच्या बाहेर असतात.

सगळ्यात आधी प्लग काढताना तो किती घट्ट होता ते लक्षात ठेवा. ढिला प्लग वॉशरवर नीट टेकत नाही, उष्णता उतरायची वाट तुटते आणि बरोबर नंबरचा प्लगही जळतो. वॉशरखाली कचरा, जुना दुसरा वॉशर किंवा बिघडलेली सीट असेल तरी हेच. मग टायमिंग. इग्निशन दहा अंशांनी पुढे घेतलं की टोकाचं तापमान ७० ते १०० अंशांनी चढतं असं धरतात, म्हणजे जवळपास एक अख्खी हीट रेंज. थोडं टायमिंग जास्तीचं ठेवून त्यावर थंड प्लगचं पांघरूण घालणाऱ्या ट्यूनपासून दूर राहिलेलं बरं. त्यानंतर मिक्श्चर: बूस्टखाली लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होतंय का, पेट्रोलचा पंप वरच्या लोडला मागे पडतोय का, फिल्टर तुंबलाय का, इनटेकमध्ये हवा कुठून शिरतेय का.

पांढऱ्या प्लगवर भिंग धरा. चिनी मातीवर काळ्या किंवा चांदीसारख्या बारीक ठिपक्यांचा शिडकावा दिसला तर ते डिटोनेशन आहे. चकाकणारे ठिपके म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. तिथे गाडी थांबवायचीच, मग पुढचं सगळं.

डिटोनेशन आणि प्री-इग्निशन हे दोन वेगळे आजार आहेत. डिटोनेशन ठिणगीनंतर होतं: उरलेलं मिक्श्चर दाबाने आपोआप फुटतं आणि खडखड ऐकू येते. प्री-इग्निशन ठिणगीच्या आधी होतं आणि बहुतेक वेळा आवाज न देता येतं. पिस्टन वर येत असतानाच आग लागलेली असते, आणि थोड्या सेकंदांतच मधोमध भोक पडू शकतं. थंड प्लग प्री-इग्निशनचं एक मूळ उपटतो, डिटोनेशनवर तो औषध नाही. फक्त एवढं खरं की डिटोनेशन बराच वेळ चाललं तर प्लगचं टोक तापत जातं आणि शेवटी प्री-इग्निशन सुरू होतं, म्हणून थंड प्लग ही दुसरी घटना लांबवू शकतो.

थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत कमी आरपीएमला, जास्त लोडवर एक वेगळंच प्री-इग्निशन होतं. ते सहसा ऑइलच्या थेंबांनी आणि जमलेल्या साक्यामुळे पेटतं. तिथे प्लगचे नंबर चढवत बसण्यात अर्थ नाही. यासाठीच ऑइलच्या दर्जात एपीआय एसएन प्लस (२०१८) आणि एपीआय एसपी (२०२०) आले. योग्य दर्जाचं ऑइल भरा आणि वरच्या गिअरमध्ये बाराशे आरपीएमला पेडल जमिनीला टेकवायची सवय सोडा.

प्लग वाचायचा कसा

गाडी गॅरेजपर्यंत रमतगमत आणून, दारात आयडलला ठेवून मग काढलेला प्लग फुल लोडबद्दल काहीही सांगत नाही. तो शेवटच्या पाच मिनिटांची गोष्ट सांगतो. फुल लोडचं वाचन हवं असेल तर नवे प्लग बसवा, इंजिन गरम करा, वरच्या गिअरमध्ये फुल थ्रॉटलची एक लांब ओढ काढा आणि लोडवर असतानाच इंजिन बंद करून क्लच दाबा. हे फक्त डायनोवर (गाडी जागेवरच लोडखाली चालवायचं यंत्र) किंवा बंद ट्रॅकवर. रस्त्यावर इंजिन बंद केलं की ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात.

आता बघायचं काय? जुन्या पुस्तकांतला चॉकलेटी रंग शोधत बसू नका. तो काळ शिशाच्या पेट्रोलचा होता. शिसं गेल्यापासून चिनी माती पटकन रंगच धरत नाही. त्यात इथेनॉल जास्त असलेलं इंधन तिला जवळपास पांढरीच ठेवतं, आणि मँगनीज किंवा फेरोसीनची भर असलेलं इंधन नारिंगी-लालसर करून टाकतं. म्हणून रंग बघून निकाल देणाऱ्याला आधी ‘इंधन कुठलं?’ हे विचारा.

हीट रेंजसाठी वाचायचा तो बाहेरचा वाकडा पाय. फुल लोडच्या ओढीनंतर त्या पायावर एक रेघ दिसते. एकीकडे धातूचा मूळ रंग, दुसरीकडे तापून बदललेला करडा-निळसर रंग. ती रेघ पायाच्या वळणापाशी असेल तर नंबर बरोबर. वळण सोडून टोकाकडे असेल तर टोकच फक्त तापलं, म्हणजे प्लग थंड आहे. बॉडीला जिथे पाय वेल्ड केलाय तिथवर रेघ उतरली असेल तर प्लग गरम आहे. उजेडात प्लग फिरवत, भिंगातून बघा. पहिल्यांदा ती रेघ सापडतच नाही, एकदा सापडली की मग प्रत्येक प्लगवर दिसते. मिक्श्चर वाचायचं असेल तर नाकाच्या मुळाशी, बॉडीच्या आत खोलवर बघा. तिथली धुरकट कडी सांगते. टोकाचा रंग नव्हे.

बाहेरच्या बाजूला, पान्याच्या षटकोनाच्या वर चिनी मातीवर तपकिरी डाग दिसला की ‘कॉम्प्रेशन गळतंय’ म्हणून प्लग फेकणारे बरेच आहेत. तो बहुतेक वेळा कोरोनाचा डाग असतो. उच्च व्होल्टेजमुळे हवेतल्या ऑइलच्या वाफेचे कण तिथे चिकटतात. त्याने काही बिघडत नाही.

मग नंबर कुठला?

सुरुवात कंपनीने दिलेल्या नंबरापासून. एअर फिल्टर, एक्झॉस्ट, हलकी रीमॅप एवढ्यावर मी नंबर बदलत नाही. कॉम्प्रेशन एखाद्या पॉइंटने चढलं, किंवा बूस्ट मध्यम प्रमाणात वाढला आणि गाडी दम लागेपर्यंत चालवली जाणार असेल, तर एक पायरी थंड. दर ७५ ते १०० हॉर्सपॉवरच्या वाढीला एक पायरी असा ढोबळ नियम सांगतात. मोठ्या, जास्त सिलिंडरच्या इंजिनांत तो अंदाजासाठी बरा आहे. एका सिलिंडरच्या मोटरसायकलला तो लावला तर कधीच नंबर बदलायला नको असं उत्तर येईल, आणि ते चूक असेल. तिथे कॉम्प्रेशन आणि एअर-कूलिंग बघून ठरवायचं.

माझ्या मते हॉर्सपॉवरपेक्षा मोठा प्रश्न फुल लोड किती वेळ राहतो हा आहे. पंधरा सेकंदांच्या ओढीचं इंजिन आणि सरळ रस्त्यामागून सरळ रस्ता उघडा थ्रॉटल ठेवणारं ट्रॅकचं इंजिन, दोघांची पॉवर सारखी असली तरी प्लग सारखे लागत नाहीत. दुसऱ्याचं टोक सतत तापत राहतं. थंड नंबर त्याची गरज आहे. नायट्रसला (नायट्रस ऑक्साइड सोडून पॉवर वाढवलेल्या इंजिनाला) थंड प्लग हवाच, आणि तिथे लांब, बारीक पायाचे प्लगही टाळतात. मिथेनॉल सिलिंडर थंड ठेवतं म्हणून गरम प्लग चालेल असं वाटतं, पण ते तापलेल्या पृष्ठभागावर चटकन पेटतं. त्यामुळे तिथेही थंडच.

एका वेळी एकच पायरी बदला आणि प्रत्येक बदलानंतर पायावरची रेघ पुन्हा वाचा. दोन पर्यायांत अडकलात तर उत्तर वापरावर आहे: बूस्टवर, ट्रॅकवर थंडाकडे झुका, कारण काळा प्लग बदलता येतो, पिस्टन बदलायला इंजिन उतरवावं लागतं. रोज शहरात चालणाऱ्या, वर्षात एखाददुसऱ्या दिवशी ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला मात्र ट्रॅकचा प्लग वर्षभर घालून ठेवू नका. प्लगचे दोन सेट ठेवा आणि जाताना बदला, पाऊण तासाचं काम आहे.

थंड नंबर घ्यायचाच आणि काजळीची भीती असेल तर पुढे आलेल्या नाकाचा प्लग मदत करतो. कमी वेगाला त्याचं टोक आगीत राहून साफ होतं आणि जास्त वेगाला आत येणारी थंड हवा त्यावरून वाहते. उंच डोमचा पिस्टन असेल तर आधी जागा मोजा. इरिडियमच्या बारीक टोकाला ठिणगीसाठी कमी व्होल्टेज पुरतं, म्हणून दुबळ्या कॉइलवर तो साध्या निकेलच्या प्लगपेक्षा जास्त तग धरतो. हीट रेंज मात्र धातूने बदलत नाही: इरिडियमचा सात आणि निकेलचा सात एकाच पायरीचे.

बसवताना थंड हेडमध्ये हाताने शेवटपर्यंत फिरवा, पाना नंतर. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये वॉशरच्या १४ मिलिमीटर प्लगला २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ ला १५ ते २०, १० ला १० ते १२. टॉर्क पाना नसेल तर १४ चा नवा प्लग हाताने टेकल्यावर साधारण अर्धा फेरा. तोच प्लग पुन्हा बसवताना वॉशर आधीच दबलेला असतो, तेव्हा फेऱ्याच्या बाराव्या भागाएवढं फिरवणं पुरतं. वॉशर नसलेल्या, निमुळत्या सीटच्या प्लगला सोळाव्या भागाएवढा. प्लेटिंग असलेल्या थ्रेडला अँटी-सीझ (थ्रेड अडकू नयेत म्हणून लावायचं वंगण) लावू नका. थ्रेड बुळबुळीत झाले की त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो, आणि बॉडी ताणली गेली तर उष्णतेची वाटही बिघडते. नव्या नंबरानंतर पाचेकशे किलोमीटरवर एकदा चारही काढा, ओळीत ठेवा, गॅप आणि पाय बघून घ्या. तोवर तक्रार परत आली नसेल तर मग नेहमीच्या सर्व्हिसपर्यंत उघडायची गरज नाही.